जुना उंची अँप्लिफायर: घ्यावा कसा, जागवावा कसा, ऐकावा कसा

जुन्या अँप्लिफायरच्या नादी लागणारा नवखा माणूस बहुतेक वेळा नावापासून सुरुवात करतो. मरांट्झ, मॅकिंटॉश, क्वाड, लक्समन ही नावं कानावर आलेली असतात, निळ्या उजेडात डुलणाऱ्या मीटरच्या काट्यांचे फोटो पाहिलेले असतात आणि मग तेच मॉडेल हवं असतं. माझं म्हणणं असं, की नाव सगळ्यात शेवटी बघावं. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या यंत्राचा आवाज कंपनीच्या कीर्तीपेक्षा त्या एका नगाच्या आजच्या अवस्थेवर जास्त अवलंबून असतो. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेले दोन नग आज पार वेगळे वाजतात, कारण एक कोरड्या, हवेशीर खोलीत राहिला आणि दुसरा बंद कपाटात तापत राहिला. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी तुमचे स्पीकर, मग अँपची पिढी, मग हातात आलेला नग आणि त्यानंतरच जोडणी आणि ऐकणं.

स्पीकरपासून सुरुवात

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा एक आकडा असतो, समजा ८७ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. पुढचे प्रत्येक ३ डेसिबल मिळवायला वॅट दुप्पट लागतात. ९० साठी २, ९३ साठी ४, असं करत १०५ डेसिबलला पोचेपर्यंत ६४ वॅट होतात. घरातलं निवांत ऐकणं सरासरी एखाद्या वॅटच्या आसपासच चालतं, पण वाद्यवृंदातला एखादा जोरकस क्षण सरासरीच्या १० ते २० डेसिबल वर उडी मारतो. त्या उडीसाठी शिल्लक ताकद लागते. हा हिशेब केला की कळतं, १५ वॅटचा जुना व्हॉल्व्ह अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) ९२-९३ डेसिबलच्या स्पीकरवर मध्यम खोलीत का पुरतो आणि ८४ डेसिबलच्या छोट्या आधुनिक स्पीकरवर का धापा टाकतो.

दुसरा आकडा ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचा (यालाच इम्पीडन्स म्हणतात), आणि तो फसवा असतो. पाठीमागे ८ ओहम छापलेले कितीतरी आधुनिक स्पीकर काही कंप्रतांवर ३ ओहमपर्यंत खाली येतात. जुन्या काळच्या बऱ्याच अँपची रचना ८ ओहमच्या सरळ स्वभावाचा भार गृहीत धरून झालेली आहे. अशा अँपला अवघड स्पीकर जोडून आवाज चढवला तर आऊटपुट ट्रान्झिस्टर तापतात, संरक्षक सर्किट मध्येच आवाज तोडतं आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्झिस्टरच जातात. तुमच्या स्पीकरचा इम्पीडन्सचा आलेख कुठे मिळाला तर तो जरूर बघा. ए आणि बी असे दोन जोड एकदम वाजवण्याचं बटण असेल तर मागच्या पट्टीवर किमान किती ओहम लिहिलेत तेही वाचा. बहुतेक अँपमध्ये दोन्ही जोड समांतर लागतात आणि अँपला दिसणारा ओहमचा आकडा निम्मा होतो.

जुन्या जाहिरातींतले वॅटचे आकडे वाचताना साल बघावं. अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती अँपची ताकद कशी मोजायची आणि कशी छापायची याचा नियम लागू केला. त्याआधी 'म्युझिक पॉवर', 'पीक पॉवर' अशा नावांखाली फुगवलेले आकडे सर्रास छापले जात. १९७४ नंतरचे ४० वॅट आणि १९६८ चे ४० वॅट एकाच मापाचे असतीलच असं नाही.

कोणती पिढी घ्यावी

व्हॉल्व्हच्या पिढीत क्वाड २ (१९५३, केटी६६ व्हॉल्व्हची जोडी, १५ वॅट), डायनाको एसटी-७० (१९५९, इएल३४, दर चॅनेलला ३५ वॅट), मरांट्झ मॉडेल ९ (१९६०, एका चॅनेलचा स्वतंत्र अँप, ७० वॅट) आणि मॅकिंटॉश एमसी २७५ (१९६१, केटी८८, दर चॅनेलला ७५ वॅट) हे मैलाचे दगड आहेत. या अँपचं सर्किट साधं असतं, सुटे भाग मोजके असतात आणि इएल३४, केटी८८ यांसारखे व्हॉल्व्ह आजही नवे बनतात. पण खरा जीव आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. तो जळला तर तोच मूळ ट्रान्सफॉर्मर मिळणं जवळपास अशक्य. म्हणून व्हॉल्व्ह अँप बघताना आधी ट्रान्सफॉर्मर तपासायचे, व्हॉल्व्हचा विचार नंतर.

डायनाकोबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तो मोठ्या प्रमाणावर सुट्या भागांचा संच म्हणून विकला गेला आणि घरोघरी हौशी लोकांनी जोडला. त्यामुळे प्रत्येक नगात वेगळ्या माणसाचं सोल्डरिंग आहे. एखादा इतका नेटका असतो की बघत बसावं. दुसऱ्यात थंड सांधे, उघड्या तारा आणि उलटसुलट जोडण्या सापडतात. तळाचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

१९६० च्या दशकातल्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये, विशेषतः जर्मेनियमच्या, नवख्याने पडू नये. क्वाड ३०३ (१९६७, ४५ वॅट) हा त्याच दशकातला असला तरी सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा आणि फार सुज्ञ रचनेचा आहे. त्याच्या आऊटपुटला मोठा कपॅसिटर आहे. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी तो कपॅसिटर डीसी प्रवाह स्पीकरपर्यंत जाऊ देत नाही. पुढच्या दशकात बहुतेकांनी हा कपॅसिटर काढून टाकला. खर्जाचा आवाज सुधारला, पण ट्रान्झिस्टर गेला तर सगळं व्होल्टेज थेट वूफरवर, अशी परिस्थिती आली. त्यासाठीच संरक्षक रिले (बिघाड झाला की स्पीकरची वाट तोडणारे विजेचे खटके) आले, आणि आज तेच रिले म्हातारे झाले आहेत.

१९७० च्या दशकातल्या जपानी इंटिग्रेटेड अँपमध्ये (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच पेटीत असलेल्या) माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात जास्त आनंद आहे. सान्सुई, पायोनियर, यामाहा, लक्समन आणि १९७२ साली केन्सोनिक या नावाने सुरू झालेली अॅक्युफेज. त्या काळी या कंपन्यांमध्ये इरेला पेटून स्पर्धा चालली होती आणि ती आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या वजनात, बटणांच्या ठोस फिरण्यात आजही हाताला जाणवते. पण यातही निवड हवी. यामाहा बी-१ (१९७४) सारख्या अँपमध्ये व्ही-फेट जातीचे ट्रान्झिस्टर आहेत. त्यांचं उत्पादन कधीच थांबलं आहे आणि जागेवर थेट बसेल असा पर्याय नाही. आवाज कितीही सुंदर असला तरी पहिला अँप म्हणून तो नको. तसंच शुद्ध क्लास ए अँपचं, ज्यात आऊटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत मोठा प्रवाह वाहत असतो. मार्क लेव्हिन्सन एमएल-२ (१९७७) फक्त २५ वॅटचा, क्रेल केएसए-१०० (१९८० च्या सुमाराचा) १०० वॅटचा, आणि दोघेही काही वाजत नसतानासुद्धा शेगडीसारखे तापतात. त्या उष्णतेत आतले कपॅसिटर वर्षानुवर्षं भाजलेले असतात. असा अँप ज्याच्या घरी आहे त्याला एक जाणकार दुरुस्ती करणारा जोडीला लागतोच.

पहिल्यांदा घेणाऱ्याला मी एकच सांगतो: १९७० च्या उत्तरार्धातला, साध्या बायपोलर आऊटपुट ट्रान्झिस्टरचा, ज्याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं असा ४० ते ८० वॅटचा इंटिग्रेटेड अँप. त्याचं सर्किट कोणाही चांगल्या तंत्रज्ञाला वाचता येतं, पर्यायी भाग मिळतात आणि रेकॉर्ड प्लेअरसाठीचा फोनो इनपुट सहसा उत्तम असतो.

हाती घेऊन तपासताना

आधी नाक आणि डोळे. जाळीतून वास घ्या. जळक्या फेनॉलचा तिखट वास किंवा माशासारखा वास (गळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा) आला तर आत काहीतरी झालेलं आहे. झाकणाच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर तो अनेकदा उघडला गेलाय. त्यात वाईट काही नाही, पण का उघडला हे विचारावं. झाकण काढता आलं तर हीटसिंकवरचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवरचे) ट्रान्झिस्टर बघा. दोन्ही चॅनेलचे नंबर सारखे आहेत का? एका बाजूचे जुने, दुसऱ्या बाजूचे चकचकीत नवे आणि वेगळ्या नंबराचे असतील तर एक चॅनेल कधीतरी उडाला होता आणि दुरुस्ती घाईत झाली.

बोर्डवर मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी, ठिसूळ गोंद दिसतो का पाहा. १९७०-८० च्या कितीतरी जपानी यंत्रांत कपॅसिटर हलू नयेत म्हणून हा गोंद लावलेला असे. तो तेव्हा पिवळसर आणि निरुपद्रवी होता. उष्णतेने काळसर झाला की तो वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातो. सान्सुईच्या त्या काळातल्या अनेक मॉडेलांत हा हमखास सापडतो. गोंद दिसला म्हणून अँप टाकून देऊ नका. तो खरवडून काढण्याचा आणि खाल्लेले भाग बदलण्याचा खर्च मात्र किमतीत धरा.

फ्यूज काढून त्यावरचा आकडा मागच्या पट्टीवरच्या आकड्याशी जुळवा. मोठा फ्यूज बसवलेला असेल, किंवा चांदीच्या कागदात गुंडाळलेला असेल, तर त्या अँपशी व्यवहारच करू नका.

आता चालू करून. तुमच्यासोबत एक मल्टिमीटर आणि गेले तरी चालतील असे छोटे स्पीकर न्या. ट्रान्झिस्टर अँप असेल तर आधी स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा, यालाच ऑफसेट म्हणतात. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असावं, २० च्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर काम निघालं. एक-दोन व्होल्ट दिसले तर त्याला स्पीकर लावायचाच नाही. रिले असलेल्या अँपमध्ये चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक' असा आवाज येतो. मोजायचं त्यानंतर.

मग स्पीकर लावून अगदी हळू आवाजात ऐका. इथे बहुतेक लोक उलटं करतात, ते आवाज चढवून ताकद बघतात. म्हातारपण हळू आवाजातच कळतं. तंबोऱ्यासारखं सलग, बारीक वाजणारं काहीतरी लावा. एक बाजू मंद होते किंवा फाटते आणि आवाज वाढवला की अचानक नीट होते, असं असेल तर रिलेचे संपर्क काळवंडलेत. मोठा सिग्नल तो थर फोडून जातो, छोटा अडकतो. हा दोष स्वस्तात जातो. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते ती पोटेंशियोमीटरमधली घाण, तीही बहुतेक वेळा स्वच्छ होते. मात्र काहीच वाजत नसताना एका चॅनेलमधून सतत सुसू, मधूनच चटचट येत असेल आणि बटण फिरवूनही बदलत नसेल, तर आतला एखादा छोटा ट्रान्झिस्टर गेलाय. २एससी४५८ सारखे काही ट्रान्झिस्टर याबाबतीत बदनाम आहेत. दोष किरकोळ, पण शोधायला वेळ लागतो. दोन्ही चॅनेलमधून सारखी जड गुणगुण येत असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर आटलेत.

प्रत्येक बटण दाबून, प्रत्येक इनपुट लावून बघा. एक इशारा: काहीच आवाज येत नसेल तर 'टेप मॉनिटर' बटण दाबलेलं आहे का ते आधी पाहा. ते दाबलं की अँप टेप डेकची वाट बघत बसतो. मागे 'प्री आऊट' आणि 'मेन इन' यांना जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पट्ट्या हरवल्या असतील तरी आवाज येत नाही. चांगले अँप केवळ या दोन कारणांनी 'बंद' म्हणून विकले जातात.

व्हॉल्व्ह अँप असेल तर स्पीकरशिवाय कधीही चालू करू नका. भार नसेल तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. अंधारात व्हॉल्व्ह पाहा. तंतूचा नारिंगी उजेड योग्य, पण बाहेरची राखाडी प्लेट लाल होत असेल तर ताबडतोब बंद करा. जुना कपलिंग कपॅसिटर (दोन टप्प्यांमधला, डीसी अडवणारा) गळत असेल तर ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, धन व्होल्टेज पोचतं आणि प्लेट अशी तापते. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह मेला.

विकणारा 'सगळे कपॅसिटर नवे टाकलेत' म्हणाला तर फोटो, भागांची यादी आणि काम कोणी केलं ते विचारा. वाईट हातांनी केलेलं काम मूळ म्हाताऱ्या कपॅसिटरपेक्षा महागात पडतं. मला हात न लागलेला, धुळीने माखलेला नग अर्धवट दुरुस्त नगापेक्षा नेहमीच बरा वाटतो.

अँप दुरून मागवायचा असेल तर दोन खोक्यांत, मध्ये कडक फोम घालून पाठवायला सांगा. व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळायचे. जड ट्रान्सफॉर्मर असलेला अँप एका कोपऱ्यावर पडला की चॅसिसच वाकतो.

व्होल्टेज

हा भाग छोटा आहे, पण इथे चूक झाली तर बाकी सगळं व्यर्थ. जपानच्या बाजारासाठी बनलेले अँप १०० व्होल्टचे, अमेरिकेचे १२० च्या आसपास, युरोपचे २२० ते २४०. मागे व्होल्टेज निवडण्याचा खटका असेल तर प्लग लावण्याआधी तो बघा आणि आतली जोडणी खरोखर त्याप्रमाणे आहे याची खात्री करून घ्या. १०० व्होल्टचा अँप १२० वर लावणं म्हणजे २० टक्के जास्त व्होल्टेज, ते फार आहे. वेगळ्या व्होल्टेजसाठी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वापराल तर अँपच्या कमाल गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या. त्याने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाहीत. फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि गुणगुणतो. पट्टीवर '५०/६०' लिहिलं असेल तर चिंता नाही.

२२० साठी बनलेला व्हॉल्व्ह अँप आज २४० च्या वर जाणाऱ्या विजेवर चालवला तर ६.३ व्होल्टचे तंतूही त्याच प्रमाणात जास्त तापतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. तंत्रज्ञाकडून तंतूचं व्होल्टेज एकदा मोजून घ्या.

पहिल्यांदा जागवताना

कित्येक वर्षं पडून असलेला अँप थेट विजेला लावू नये. सिरीज बल्बचा बोर्ड वापरा, म्हणजे ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तंतूचा बल्ब अँपच्या वाटेत ओळीने जोडलेला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. अँप सुरू केल्यावर बल्ब क्षणभर झळकला आणि मग मंद झाला तर आत शॉर्ट नाही. झळकतच राहिला तर वीज बंद करा. आत शॉर्ट आहे, पण बल्बने प्रवाह रोखल्यामुळे बाकीचे भाग वाचले. क्लास ए अँप मुळातच जास्त प्रवाह घेतो, तिथे बल्ब बराच उजळ राहणार हे गृहीत धरा. हा बोर्ड नीट इन्सुलेट केलेला हवा. तो स्वतः बनवण्याइतकी विजेची समज नसेल तर जाणत्याकडून बनवून घ्या.

बल्ब मंद झाला, ऑफसेट ठीक आला, की बल्ब काढून थेट विजेवर अर्धा-पाऊण तास स्पीकरशिवाय चालू ठेवा (व्हॉल्व्ह अँप असेल तर योग्य भारासह) आणि दर दहा मिनिटांनी हीटसिंकवर हात ठेवून बघा. दोन्ही बाजू जवळपास सारख्या कोमट हव्यात. एक बाजू गार आणि दुसरी पोळणारी असेल तर बायस, म्हणजे काही वाजत नसतानाही आऊटपुट भागांतून ठरवून वाहू दिलेला प्रवाह, बिघडलाय.

काय स्वतः करावं, काय नाही

बटणं आणि खटके स्वच्छ करणं स्वतः शिकावं. इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठी बनवलेलाच क्लीनर घ्या. गंज सोडवणारे घरगुती फवारे वापरू नका, त्यांचा तेलकट थर धूळ धरतो आणि काही प्लास्टिक खराब करतो. पोटेंशियोमीटरच्या फटीत थेंबभर सोडा, मग वीज बंद असताना बटण वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि पूर्ण सुकू द्या.

झाकणाच्या आतलं बाकी काम, माझं ठाम मत, शिकलेल्या माणसाकडे द्यावं. व्हॉल्व्ह अँपमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. ते जीव घेऊ शकतं. यात हौसेला जागा नाही.

पण काम देताना काय सांगायचं हे तुम्हाला माहीत हवं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. त्यामुळे हीटसिंकजवळचे आधी जातात, दूरचे अनेकदा शाबूत असतात. बदलताना मूल्य तेच, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, तापमानाची मर्यादा १०५ अंशांची. पॉवर सप्लायमध्ये मूळच्या दुप्पट-तिप्पट क्षमता कोंबण्याचा मोह टाळायला सांगा. चालू होतानाचा धक्का रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या भागाला) आणि खटक्याला सोसत नाही. सगळं एकदम बदलू नये. एक बोर्ड बदलावा, चालवून मोजावा, मग पुढचा. म्हणजे चूक झाली तर कुठे झाली ते कळतं.

बायस ठरवणारे छोटे ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे पोटेंशियोमीटर) नवे, बंद कवचाचे टाकून घ्या. हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. जुन्या उघड्या ट्रिमरचा संपर्क तुटला तर अनेक सर्किटांत बायस एकदम वर जातो आणि आऊटपुट ट्रान्झिस्टर काही क्षणांत उडतात. बायस मोजण्याचं गणित सोपं आहे. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर. किती हवा ते सर्व्हिस मॅन्युअल सांगतं, आणि अँप गरम झाल्यावरच ठरवायचा. डायनाको एसटी-७० मध्ये तर कंपनीने समोरच तपासणीची जागा ठेवली आहे. १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर १.५६ व्होल्ट आले की इएल३४ च्या जोडीतून १०० मिलिअँपिअर जातात. जोडीला एकच बटण असल्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह जुळलेले हवेत.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत नकली मालापासून सावध राहा. तोशिबाच्या २एसके१७०, २एसजे७४ अशा बंद झालेल्या भागांच्या नावाने दुसरंच काही छापून विकणारे पुष्कळ आहेत. विश्वासू वितरकाकडचा आधुनिक पर्याय या 'अस्सल' मालापेक्षा केव्हाही चांगला. काढलेले मूळ भाग मात्र पिशवीत भरून परत मागून घ्या. पुढच्या दुरुस्तीत संदर्भाला ते लागतात आणि अँप पुढे विकताना घेणाऱ्यालाही ते हवे असतात.

आजच्या यंत्रांशी जोडताना

सीडी प्लेअर किंवा डीएसी (डिजिटल सिग्नलचं अॅनालॉगमध्ये रूपांतर करणारं यंत्र) सगळ्यात मोठ्या आवाजाला सुमारे २ व्होल्ट देतो. १९७० च्या अँपला पूर्ण ताकद गाठायला १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरतात. म्हणून बटण जरासं हललं की आवाज अंगावर येतो. आणि पोटेंशियोमीटरचे दोन ट्रॅक सुरुवातीलाच सगळ्यात जास्त विषम असतात, त्यामुळे आवाज एका बाजूला झुकतो. उपाय साधा आहे: मधे १० ते १२ डेसिबल कमी करणारे छोटे अटेन्युएटर लावा, किंवा डीएसीचाच आवाज थोडा उतरवा. इतकं केलं तरी जुना अँप कर्कश वाटतो ही तक्रार अनेकदा मिटते.

फोनो इनपुट मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या काट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) ४७ किलोओहमचा असतो. तिथे रेकॉर्ड प्लेअरखेरीज काहीही जोडू नका, रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज परत वाढवणारा आतला आरआयएए करेक्शन खर्ज भलताच फुगवतो. युरोपीय अँपमध्ये पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर तयार अॅडॅप्टर केबल मिळतात, त्यासाठी मागची पट्टी कापू नका. अर्थिंग नसलेल्या जुन्या दोन तारांच्या वायरीऐवजी तीन तारांची वायर बसवायची का, हे मॉडेल बघून तंत्रज्ञाने ठरवावं. धातूच्या चॅसिसच्या व्हॉल्व्ह अँपसाठी माझं उत्तर 'होय' असं आहे.

जागेबद्दल थोडकं. वर किमान १५ सेंटिमीटर मोकळी हवा, खाली जाड गालिचा नको, वर दुसरं यंत्र ठेवायचं नाही. समोरच्या पट्टीवरची अक्षरं अल्कोहोलने पुसली जातात, तिथे ओलसर मऊ कापड पुरे. मॅकिंटॉशच्या काचेची अक्षरं काचेच्या मागे रंगवलेली असतात, मागच्या बाजूला ओला कपडा लावूच नका.

ऐकणं

जुन्या अँपच्या समोर इतकी बटणं का आहेत, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा आनंद अर्धाच मिळतो. आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. 'लाऊडनेस' बटण ती उणीव भरतं. रात्री हळू ऐकताना ते लावा, आवाज वाढवला की काढा. टोन कंट्रोल वापरण्यात कमीपणा नाही. एखादं जुनं ध्वनिमुद्रण पातळ असतं, खर्ज दोन घरं वाढवला की गायकाच्या आवाजाला छाती येते. 'मोनो' बटण दाबून जुन्या मोनो रेकॉर्ड ऐका. सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर दोन चॅनेलमध्ये उलट असते आणि एकमेकांना मारते, पार्श्वभूमी एकदम शांत होते. 'लो फिल्टर' वाकड्या रेकॉर्डचा न ऐकू येणारा हेलकावा थांबवतो, त्यामुळे वूफर उगाच हलत नाहीत आणि अँपची ताकदही वाया जात नाही. ज्यांनी ही यंत्रं रचली त्यांना वेगवेगळ्या रेकॉर्ड, वेगवेगळ्या खोल्या माहीत होत्या. ती समज या बटणांत आहे.

नवा अँप घरी आला की महिनाभर दुसरं काही बदलू नका. तेच स्पीकर, तीच केबल, तीच पाच-सहा ध्वनिमुद्रणं. अँप अर्धा तास गरम होऊ द्या, बायस स्थिरावतो. दुसऱ्या अँपशी तुलना करायचीच असेल तर आवाजाची पातळी मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवर जुळवून घ्या. एक डेसिबलने मोठा असलेला अँप कानाला हमखास 'चांगला' वाटतो आणि त्यावरून घाईने मत बनतं.

एक वही ठेवा: घेतल्याची तारीख, ऑफसेट, बायस, बदललेले भाग, व्हॉल्व्ह असतील तर चालल्याचे अंदाजे तास. पॉवर व्हॉल्व्ह साधारण दोन ते पाच हजार तास टिकतात, छोटे व्हॉल्व्ह बरेच जास्त. वापर कमी असेल तरी महिन्यातून एकदा तासभर चालवा, पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरातल्यापेक्षा लवकर बिघडतात. सहा महिन्यांनी ऑफसेट पुन्हा मोजा. आकडा मागच्या इतकाच असेल तर झाकण उघडायचं कारण नाही. तो दुप्पट झाला असेल तर आवाज ठीक वाटत असला तरी अँप तंत्रज्ञाकडे न्या.